साडूचं अ‍ॅव्हरेज

“दिग्विजयरावांचं एकशेचोवीस आलंय,” मामा म्हणाले.

मी म्हणालो, “मग गोळी चालू केली का?”

आम्ही कागलच्या पुढं एका पंपावर उभे होतो. मामांच्या हातात डायरी होती आणि डिझेल टाकणारा माणूस नोझल धरून आमच्याकडं बघत होता. मामांनी चष्मा वर केला आणि मला समजून घेण्याचा प्रयत्न केला. त्यांनी तो लग्नापासून चालवला होता, पण अजून यश नव्हतं.

“रक्तदाब न्हवं, जावईबापू. केपीटीएल.”

माझे सासरे बळवंत चौगले एसटीत एकतीस वर्षं ड्रायव्हर होते. तुम्ही-आम्ही विचारतो, गाडी लिटरला किती देते. एसटीत दहा लिटरला किती किलोमीटर ते मोजतात आणि त्याला केपीटीएल म्हणतात. मामा रिटायर झाले तरी जग दहा लिटरमध्येच मोजायचे. मी स्वप्नालीला बघायला गेलो तेव्हा लोक पगार विचारतात तसं त्यांनी माझ्या गाडीचं अ‍ॅव्हरेज विचारलं होतं. मी अभिमानानं “अठरा” म्हणालो. मामांनी हातातला पोह्यांचा चमचा खाली ठेवला. “एवढं तर रोड रोलर पण देतोय,” ते हळहळून म्हणाले. स्थळ मोडायच्या बेतात होतं. चहाचा ट्रे घेऊन आलेल्या स्वप्नालीनं दारातूनच सांगितलं, “बाबा, लिटरला.” तेव्हा कुठं ती मला मिळाली.

“आणि माझं?” मी विचारलं.

“एकशेदोन.”

डिझेलवाल्यानं माझ्याकडं सहानुभूतीनं पाहिलं. त्याला केपीटीएल कळत नसावं, पण एकशेदोन हे एकशेचोवीसपेक्षा कमी असतं एवढं कुणालाही कळतं.

आमच्या गाडीच्या मागं तेव्हा मुक्कामी जोडलेली होती. ती सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. मामांनी नोकरीची बरीच वर्षं मुक्कामी गाडी चालवली. म्हणजे संध्याकाळी एखाद्या आडगावाला जाऊन थांबायचं, तिथंच झोपायचं आणि पहाटे तीच गाडी घेऊन परतायचं. रिटायर झाल्यावर त्यांच्या मनात आलं, की ज्या गावांत आपण सीटवर अंग दुमडून झोपलो, तिथं एकदा नीट, आडवं होऊन, बायकोला घेऊन झोपायचं. मग त्यांनी शिरोलीच्या एका फॅब्रिकेटरकडून ओढायची घरगाडी करून घेतली. दोन चाकं, दोन बंक, पाण्याची टाकी, खिडक्यांना एसटीच्या असतात तशा वरखाली सरकणाऱ्या काचा. पुढं पाटीवर लिहिलं होतं ‘मुक्काम’. फक्त इंजिन नव्हतं. आणि मामांच्या डाव्या डोळ्यात काचबिंदू होता, त्यामुळं ड्रायव्हरही नव्हता.

इंजिन आणि ड्रायव्हर जावयांनी पुरवायचा होता. जावई दोन, डिझेल गाड्या दोन. दिवाळीनंतर बारा दिवसांचा दौरा ठरला होता आणि मामांनी जाहीर केलं होतं, “स्टेअरिंग एकाच्याच हातात. ज्याचं अ‍ॅव्हरेज चांगलं, त्यो ओढणार.” त्यासाठी दोन फेऱ्या. एक सपाटीला, निपाणीपर्यंत. दुसरी फोंडा घाट उतरून आणि चढून. दोघांनी वेगवेगळ्या रविवारी जायचं, आणि हिशेब मामा करणार.

घरी येऊन मी स्वप्नालीला आकडे सांगितले.

“दाजींना जमतं असलं,” ती म्हणाली.

हे वाक्य मी आठ महिन्यांत इतक्या वेळा ऐकलं होतं, की ते मला हळदीपासून पाठ होतं. दाजी म्हणजे दिग्विजयराव, थोरल्या रूपालीचे यजमान, माझे साडू. दाजींना फणस फोडायला जमतं. दाजींना मामांच्या चहातली साखर बरोबर जमते. दाजींना मिक्सर दुरुस्त करायला जमतं. मी एकदा मिक्सर उघडला होता. तो अजून उघडाच आहे. मुळात ज्या माणसाचं नावच दिग्विजय आहे, त्याच्याशी धैर्यशील नावाच्या माणसानं काय स्पर्धा करायची? माझ्या आईवडिलांनी मला जन्मतःच धीर धरायला सांगून ठेवलं होतं.

“पण तुला बारा दिवस सुट्टी मिळणारे का?” स्वप्नालीनं विचारलं.

“नाही.”

“आणि बाबांबरोबर बारा दिवस गाडीत बसायचंय तुला?”

“अजिबात नाही.”

“मग?”

“प्रश्न सुट्टीचा नाहीये,” मी म्हणालो. ती गप्प बसली. बायको गप्प बसते तेव्हा आपलं बरोबर आहे असं समजायचं वय होतं ते.

एकशेचोवीस. मी तो आकडा दात घासताना म्हणायचो. ऑफिसात एकशेचोवीस नंबरची फाइल आली तर ती खालच्या कप्प्यात ठेवायचो. माझीही गाडी डिझेल, त्यांचीही डिझेल. ओझं तेच, रस्ता तोच, सासराही तोच. मग लिटरमागं दोन किलोमीटर हा माणूस आणतो कुठून? त्यांना विचारायचं म्हटलं तर साडू साडूला तब्येत विचारतो, अ‍ॅव्हरेज विचारत नाही. तरी मी दोनदा फोन केला. त्यांनी दोन्ही वेळा उचलला नाही. गावातल्या एका लग्नात भेटले तेव्हा मला बघून त्यांनी जिलेबीच्या रांगेतला नंबर सोडला. विजय डोक्यात जातो म्हणतात तो असा.

मी तयारीला लागलो. टायरमध्ये हवा जास्त भरली. डिकीतून जॅक, छत्री, स्वप्नालीचे चालायचे बूट आणि शेवटी स्टेपनीसुद्धा काढली. मुक्कामीच्या टाकीतलं पाणी तुळशीला घातलं आणि गाद्या माळ्यावर टाकल्या. इंटरनेटवर वाचलं, की ओढायची गाडी मागं असली की वजनापेक्षा वारा जास्त डिझेल खातो. साठच्या वर गेलं की संपलं. म्हणून मी साठच्या वर जाणारच नव्हतो. वारा अडू नये म्हणून बाजूचे आरसे मिटून घ्यायचा विचार केला होता, पण मग मागचं काय ते दिसणार नव्हतं. स्वप्नालीला मी म्हणालो, “तू नाही आलीस तरी चालेल.”

“का?”

“घाट लागतो तुला.”

“मला कधी लागला घाट?”

“बावन्न किलोंना लागतो,” हे माझ्या तोंडून गेलं. पुढचे दोन दिवस घरात जे वातावरण होतं, ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण ती आली नाही. बावन्न किलो वाचले.

रविवारी सकाळी सहा वाजता मी सासरी पोचलो, तर अंगणात मामी, म्हणजे सासूबाई, इरकल नेसून, अंबाड्याला गजरा लावून, चप्पल घालून उभ्या.

“मी येणार,” शालनमामी म्हणाल्या.

मामा घाईघाईनं म्हणाले, “अगं, ही टेस्ट हाय. तुझं काय काम तिथं?”

“घाटाखाली कुठवर जायचं?”

“फोंड्याच्या अलीकडनं वळायचं.”

“मग येणारच.”

मामींना मी तोपर्यंत कधी दोन वाक्यांपेक्षा जास्त बोलताना ऐकलं नव्हतं. ही तीन होती. मी मनातल्या मनात त्यांचं वजन केलं. अडुसष्ट. स्वप्नाली काढून मी सोळा किलोंनी तोट्यात गेलो होतो.

त्यात मामींनी मुक्कामीत एक गोणपाटाची पिशवी ठेवलेली मला दिसली. उचलून पाहिली. लोखंड आणि पीठ असं काहीतरी होतं. किमान बारा किलो. एवढ्यात मामी देवापुढं हात जोडायला आत गेल्या आणि मामा हुकाची पिन तपासत वाकले. मी ती पिशवी उचलून हळूच फाटकामागच्या जास्वंदीत ठेवली. संध्याकाळी आल्यावर परत आत ठेवायची, कुणाला कळायचं नव्हतं. मला तेव्हा हे पाप वाटलं नाही. मला तो अ‍ॅव्हरेजमधला पॉइंट एक वाटला.

निघालो. पुईखडी, भोगावती, राधानगरी. मी अंड्यांच्या ट्रेवर पाय ठेवावा तसा अ‍ॅक्सिलरेटरवर पाय ठेवत होतो. मागं हॉर्नचा ताफा जमला होता. एक म्हातारे गृहस्थ लूनावरून आम्हाला ओलांडून गेले आणि जाताना त्यांनी आत डोकावून कुणी आजारी आहे का ते पाहिलं.

“एसी लावा की,” मामी मागून म्हणाल्या.

“बिघडलाय, मामी.”

“दाजींचा चालू असतो.”

मी पाय तसाच हलका ठेवला. माझं नाव धैर्यशील आहे.

दाजीपूर मागं टाकून घाट सुरू झाला, आणि इथं मी तो निर्णय घेतला. आमच्याकडं गाडी शिकवणारा प्रत्येक माणूस हे कानात सांगतो: उतार आला की न्यूट्रल मारायची. गाडी आपोआप उतरते, डिझेल जात नाही. बारा किलोमीटरचा घाट फुकटात! दिग्विजयरावांची हिंमत होणार नाही, ते बँकेत आहेत. मी गियर काढला. गाडी मोकळी झाली. पाठीमागची मुक्कामी जरा विचार करून मग मला ढकलू लागली.

पहिली दोन वळणं मजेत गेली. तिसऱ्याला मी ब्रेक जरा जोरात दाबला. चौथ्याला ब्रेक दाबला तर पाय सवयीपेक्षा खोल गेला. सातशे किलोंची घरगाडी मला मागून सांगत होती, की ती घाईत आहे. पाचव्या वळणावर वास आला. जळका, रबरी, उदबत्तीच्या बरोबर उलटा.

मामा समोर बघत होते. त्यांनी आवाज चढवला नाही.

“थर्ड,” ते म्हणाले.

“मामा, डिझेल...”

“थर्ड टाका.”

मी क्लच दाबून गियर कोंबला. इंजिन ओरडलं, मुक्कामीनं धक्का दिला, आणि सगळं सावकाश झालं. मागं बसलेल्या मामींनी कशालाही धरलं नव्हतं. एकतीस वर्षं ड्रायव्हरची बायको होत्या त्या.

“उतारावर गियरमध्ये सोडली, पाय काढला, की इंजिन डिझेल पीत न्हाई,” मामा म्हणाले. “चाकंच त्याला फिरवत्यात. न्यूट्रलमध्ये बंद पडू नये म्हणून ते उलट पितं. ट्रेनिंगमध्ये पहिल्या दिवशी शिकवलंय आमाला. तुमी जीव पण घालवत हुता आणि डिझेल पण.”

म्हणजे मी पाच वळणं मरणाच्या दारात काढली, ती अ‍ॅव्हरेज कमी करण्यासाठी. तरी मनात काय आलं असेल? हे दिग्विजयरावांना कळता कामा नये.

घाट संपला तेव्हा पुढच्या चाकांतून बारीक धूर येत होता. रस्त्याकडेला एक थांबा दिसला, पाटी होती ‘करंजेवाडी फाटा’. मी गाडी बाजूला घेतली.

“हितं नको,” मामा एकदम म्हणाले. “जरा पुढं घ्या. पुढं सावली हाय.”

“मामा, धूर येतोय.”

“धुराला काय होतंय? फोंड्याला घ्या.”

“हितंच थांबा,” मागून मामी म्हणाल्या, आणि गाडी पुरती थांबायच्या आधी उतरल्या. पाटीसमोर उभ्या राहून त्यांनी ती अक्षर अक्षर वाचली. “हीच ना ती?”

मामा चाकाजवळ जाऊन बसले. “पाऊण तास हात लावायचा न्हाई चाकाला,” ते चाकालाच सांगू लागले.

मामी मुक्कामीच्या मागं गेल्या. दार उघडल्याचा आवाज आला, मग काहीच आवाज आला नाही. मग त्या परत आल्या.

“माझी पिशवी?”

मी खूप उत्तरं शोधली. शेवटी खरं सांगितलं, कारण जास्वंदीत ठेवलेली पिशवी वाऱ्यानं उडाली असं सांगता येत नाही. “मामी, वजन होत होतं. दिग्विजयरावांचं एकशेचोवीस आहे...”

मामी रागावल्या नाहीत. त्याऐवजी त्या रस्त्याकडेच्या दगडावर बसल्या, आणि ते फार वाईट होतं.

“तवा होता त्यात,” त्या म्हणाल्या. “पीठ मळायची काटवट होती. शाळूचं तीन किलो पीठ, काल जात्यावरनं दळून आणलेलं.”

“इथं कशाला, मामी?”

त्यांनी मामांच्या पाठीकडं बोट दाखवलं. “ह्यांना विचारा. लग्नाला दोन वर्षं झाली होती, ह्यांना ह्या गावची ड्यूटी लागली. सात वर्षं. हितली एक बाई ड्रायव्हर-कंडक्टरला जेवायला घालायची. आणि हे घरी येऊन, माझ्या ताटावर बसून, मला सांगायचे, ‘करंजेवाडीच्या भाकरीला तोड न्हाई.’ ड्यूटी बदलली तरी सांगायचे. रूपालीच्या बारशाला सांगितलं. रिटायर झाले त्या दिवशी, हार गळ्यात असताना सांगितलं. मी म्हटलं, मरायच्या आधी एकदा त्या बाईच्या दारात बसून, माझ्या तव्यावर, माझी भाकरी तिला खायला घालायची. आणि मग ह्यांना विचारायचं, आता बोला.”

मी आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासारखा माणूस पाहिला. इरकल नेसलेला.

“चला,” मी म्हणालो.

“रिकाम्या हातानं?”

“बाई तरी बघून येऊ.”

घर फाट्यापासून पन्नास पावलांवर होतं. पुढं छोटं दुकान, मागं पडवी. मामा आमच्या मागून येत होते, पण प्रत्येक पावलाला त्यांना ब्रेकची काळजी वाटत होती. दुकानात एक साठीची बाई सुपारी कातरत बसली होती. तिनं मामांना पाहिलं आणि अडकित्ता खाली ठेवला.

“अरे देवा! ड्रायवरानु, तुमी? येवा, येवा. किती वर्सांनी!” मग तिची नजर मामींवर गेली. ती उभी राहिली. चेहऱ्यावरचं हसू जरा कमी झालं. तिनं मामींना पायापासून गजऱ्यापर्यंत मोजलं.

“ही तुमची बायको काय?”

“व्हय,” मामा जमिनीला म्हणाले.

“म्हणजे ती भाकरीवाली तुमीच!”

मामी म्हणाल्या, “भाकरीवाली तर तुम्ही ना?”

“मी? माझ्या भाकरीक कोण विचारता?” इंदूबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. त्यांचं नाव इंदूबाई, हे मला मागाहून कळलं. तेव्हा नाव विचारण्यासारखी वेळ नव्हती. “सात वर्सां ह्या माणसान माझ्या पानावर बसान माका सांगितल्यान, ‘आमच्या हिच्या भाकरीला पापुद्रा असा सुटतो, बोट लावलं तर फुगतो.’ रोज! माझ्या घोवान ता आयकल्यान. मगे तो मरासर माका आयकवी, ‘ड्रायवराच्या बायकोसारखी भाकरी तुका कधी जमतली?’ पाच वर्सां झाली त्येका जावन. माका वाटला, आता सुटलंय. आणि तुमी दारात!”

दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. मग दोघींनी एकदमच मान वळवली.

मामांना त्या क्षणी चाकाचा धूर बघायला जायचं होतं. मी वाटेत उभा होतो, आणि मी हललो नाही.

“काय हो,” मामी म्हणाल्या. “तिथं हिची, हितं माझी?”

मामांनी टोपी काढली, घातली. “मी ट्रकवर क्लीनर हुतो, तवा आमचा उस्ताद सांगायचा,” ते म्हणाले. “माणसाला चांगलं म्हटलं की ढिला पडतोय. दुसऱ्याचं चांगलं म्हटलं की सुधारतोय.”

“म्हणजे माझी भाकरी सुधारावी म्हणून एकतीस वर्षं...”

“सुधारली का न्हाई?”

मामींनी पदर सोडला आणि परत खोचला. इंदूबाईंनी अडकित्ता उचलला आणि परत ठेवला. मला वाटतं, दोघींनाही खरं उत्तर माहीत होतं आणि दोघींनाही ते द्यायचं नव्हतं.

“त्या दोन पोरांना पण असंच काहीतरी सांगितलं असशील,” मामी म्हणाल्या. नवऱ्याला त्यांनी ‘अरेतुरे’ केलेलं ते मी पहिलं आणि शेवटचं ऐकलं.

मी मामांच्या खिशातल्या डायरीकडं बघितलं.

“मामा,” मी म्हणालो, “दिग्विजयरावांचं खरं किती?”

मामा करंजेवाडीच्या डोंगराकडं बघत होते. तो डोंगर त्यांनी सात वर्षं रोज पाहिला होता. त्यात नवीन काही नसावं.

“मामा.”

“ज्याला त्याला ज्याचा त्याचा आकडा मी खराच सांगितलाय,” ते म्हणाले. “दुसऱ्याचा जरा वाढवून.”

रेंज नव्हती. मी समोरच्या शाळेच्या पायऱ्या चढून वर गेलो आणि दिग्विजयरावांना फोन लावला. पहिल्यांदा कापला. दुसऱ्यांदा कापला. तिसऱ्यांदा मी मेसेज टाकला, ‘मामा खोटं बोलतात.’ अर्ध्या मिनिटात त्यांचाच फोन आला.

“कशाबद्दल?” ते कुजबुजत होते.

“तुम्हाला माझं किती सांगितलं?”

“एकशेएकतीस.” आकडा त्यांना पाठ होता. “धैर्यशीलराव, खरं सांगू का? तीन आठवडे मी जेवलो नाही नीट. रूपालीला पुढच्या रविवारी घरी थांब म्हणालो, वजन होतं म्हणून. ती माहेरी निघालीये. टायरमध्ये नायट्रोजन भरला. मामांना मी फेरीच्या आदल्या दिवशी एकादशी धरायला सांगणार होतो.”

“शनिवारी एकादशी नाहीये.”

“माहीत आहे मला,” ते म्हणाले.

लग्नातली जिलेबीची रांग मला आठवली. तो विजय नव्हता. ते माझ्याकडं बघू शकत नव्हते, जसा मी त्यांच्याकडं. गेले आठ महिने ज्याच्यामुळं माझी झोप गेली होती, तो माणूस कोल्हापुरात पलंगावर माझ्यामुळं जागा होता. मला एकाच वेळी लाज वाटली आणि इतका आनंद झाला, की मी पायरीवर बसलो.

“तुमचं खरं किती आलं?” मी विचारलं.

पलीकडं दार लावल्याचा आवाज आला. “नव्याण्णव.”

माझं एकशेदोन होतं. खाली पडवीत मामी इंदूबाईंच्या चुलीपुढं बसलेल्या मला दिसत होत्या. तांदळाच्या पिठाला उकड काढावी लागते, ते शाळूसारखं गार पाण्यात मळता येत नाही. इंदूबाई दाखवत होत्या, मामींच्या हातावर भाकरी मोडत होती, आणि दोघी मोडलेल्या भाकरीला हसत होत्या. मामा लांब कोपऱ्यात बसले होते. त्यांना कुणी जेवायला विचारत नव्हतं.

“तुमचं?” दिग्विजयरावांनी विचारलं. आवाजात इतकी भीती होती, की ती मी ओळखली. ती माझीच होती.

“सत्त्याण्णव,” मी म्हणालो.

“खरंच?”

“हो ना. आणि आज तर घाटात मी न्यूट्रल मारली. ब्रेक जळाले. आजचं तर विचारूच नका.”

“अरेरे,” दिग्विजयराव म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात तीन आठवड्यांचं जेवण परत आलं. “असू दे हो, धैर्यशीलराव. होतं असं. तुम्हाला अजून अंदाज नाही ना जड गाडीचा. मी दाखवीन तुम्हाला.”

“दाखवा,” मी म्हणालो.

त्या दिवशी मामी परत आल्या नाहीत, मामांनाही येऊ दिलं नाही. मुक्कामी तिथंच सोडायला लावली. गाद्या मी घरी ठेवल्या होत्या, म्हणून इंदूबाईंनी आपल्या दोन गोधड्या दिल्या. मी एकटा, मागं काहीही न ओढता घाट चढलो, आणि त्यामुळं माझ्या फेरीचा हिशेब करताच येईना. मामांनी डायरीत माझ्या नावापुढं ‘रद्द’ लिहिलं. दुसऱ्या रविवारी दिग्विजयराव गेले, आणि मुक्कामी करंजेवाडीतून ओढून वर आणली. पिशवी मी जास्वंदीतून काढून मामींना दिली तेव्हा पिठात मुंग्या झाल्या होत्या. मामी फक्त म्हणाल्या, “तुमचं वजन कमी झालं का?”

दिवाळीनंतरचा दौरा अर्थातच दिग्विजयरावांना मिळाला. मला सुट्टी नव्हतीच. बारा दिवस, आठ गावं, सासू-सासरे दोघं. मी त्यांना निघताना हार घातला. स्वप्नाली माझ्याकडं संशयानं बघत होती. मला इतकं आनंदानं हरताना तिनं कधी पाहिलं नव्हतं. खरा आकडा मी तिलाही सांगितलेला नाही. आज सहा वर्षं झाली, ऑफिसात साहेब माझ्यावर ओरडत असले की मी तो मनात म्हणतो. एकशेदोन, नव्याण्णव. लिटरमागं पॉइंट तीन. बरं वाटतं.

दौऱ्याच्या नवव्या दिवशी दिग्विजयरावांचा चिपळूणजवळून फोन आला. मागं मुक्कामीच्या काचा खडखडत होत्या.

“धैर्यशीलराव,” ते म्हणाले, आणि माणूस रडायच्या बेतात होता. “हे मामा सकाळ-संध्याकाळ एकच म्हणतात हो. ‘धाकटा जावई असता, तर एकशेदहा काढलं असतं.’ मला माहितीये ते खोटं बोलतात. मामींनी पण सांगितलं, खोटं आहे. पण तरी... तुमचं खरंच सत्त्याण्णवच होतं ना?”

मी म्हणालो, “जरा थांबा, आवाज येत नाहीये.” मग फोन स्पीकरवर टाकला, स्वयंपाकघरात नेऊन स्वप्नालीच्या कानाशी धरला, आणि म्हणालो, “हां, दाजी. आता परत सांगा, मामा काय म्हणतात?”